खापर आधी, डोकं मागाहून

निवडणूक आली की कोण निवडून येणार याची लोकांना उत्सुकता असते, असा एक समज वर्तमानपत्रवाल्यांनी पसरवून ठेवला आहे. निदान आमच्या शिरूर-दौंडकडे तरी तो खरा नाही. कोण निवडून येणार हे आमच्याकडे प्रत्येकाला माहीत असतं; प्रत्येकाला माहीत असलेलं नाव वेगळं असतं, एवढंच. खरी उत्सुकता असते ती, आपला माणूस पडला तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, याची. मडकं फुटलं की त्याचं खापर होतं, हा झाला कुंभारवाड्यातला क्रम. राजकारणात खापर आधी तयार असतं, मडकं त्यानंतर फुटतं आणि डोकं सगळ्यात शेवटी शोधतात.

माझं घर शिरूरचं आणि सासुरवाडी दौंडची. मध्ये भीमा वाहते. दोन्ही गावांचा या बाबतीतला अभ्यास मी जवळून पाहिला आहे. शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे शिरूरचं राजकारण एसटी स्टँडवर चालतं आणि पुण्याची गाडी लागली की मुद्दा अर्धवट टाकून माणसं खिडकीतून रुमाल टाकायला धावतात. म्हणून शिरूरकरांची मतं तुटक पण ठाम. दौंडचं तसं नाही. दौंड पडलं जंक्शन. पुण्याकडून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात आली की या टोकाचं इंजिन काढून त्या टोकाला लावायचे. त्याला वेळ लागे आणि तेवढ्या वेळात फलाटावर एखादं मंत्रिमंडळ सहज पाडून परत उभं करता येई. इंजिन लागलं की गाडी आली तशी उलटी निघायची. डब्यातली माणसं आपापल्या जागी जशीच्या तशी. फक्त मघाशी पुढे तोंड करून बसलेला आता पाठीच्या दिशेने धावू लागायचा, आणि त्याला त्याचं काहीच वाटायचं नाही. अलीकडे कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्या परस्पर जातात. पण पिढ्यान्‌पिढ्या हा देखावा बघितलेल्या दौंडकराला पक्षांतराचं नवल वाटत नाही, यात नवल नाही.

तर २०१९च्या जानेवारीत मी दौंडला मेहुण्यांकडे होतो. मेहुण्यांना सगळेच आबा म्हणतात. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. मुलगा इंग्लंडात नोकरीला, त्यामुळे ब्रेक्झिट हा त्यांना घरचाच प्रश्न वाटे. रात्री मुलाचा फोन झाला की सकाळच्या चहाबरोबर त्यांना माझ्याकडून त्याचं मराठी हवं असे. मी आपला भावकीच्या भाषेत सांगत होतो. अठ्ठावीस भावांचं एकत्र कुटुंब. त्यातल्या एकाच्या घरात चर्चा सुरू झाली, की आपण घालतो जास्त आणि आपल्या ताटात येतं कमी, तेव्हा वेगळं निघावं. त्या घरचा कर्ता कॅमेरून. त्याचं स्वतःचं मत वेगळं निघू नये असं. पण रोजची कटकट एकदाची मिटावी म्हणून त्यानं चिठ्ठ्या टाकल्या. तारीख २३ जून २०१६. शंभरातल्या बावन्नांनी निघू म्हटलं, अठ्ठेचाळिसांनी नको म्हटलं. दुसऱ्याच दिवशी कर्त्यानं सांगितलं, की किल्ल्या आता दुसऱ्या कुणाकडे द्या. त्या मेबाईंकडे आल्या. बाईंचंही मत मुळात निघू नये असंच होतं. पण वाटणीचा कागद करण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. तो कागद त्यांनी १५ जानेवारीला पार्लमेंटपुढे ठेवला, तर ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला.

"म्हणजे सरकार पडलं," आबा म्हणाले.

"नाही. दुसऱ्या दिवशी अविश्वासाचा ठराव आला, तो एकोणीस मतांनी फेटाळला गेला."

"म्हणजे कागद नको, पण कागद करणारी बाई पाहिजे?"

"तसंच काहीसं."

आबांनी बशीतला चहा संपवला. "ते ऱ्हाऊ द्या, दाजी. खापर कुणावर?"

मी बोटं मोजायला घेतली. कॅमेरूनवर, की त्यानं नसती चिठ्ठी काढली. मेबाईंवर, की त्यांना कागद करता आला नाही. विरोधी पक्षाच्या कॉर्बिनवर, की तो मनापासून बोललाच नाही. ब्रुसेल्सच्या थोरल्या घरावर, की त्यांनी अडवणूक केली. वर्तमानपत्रांवर. शिवाय एका लाल बसवर. त्या बसच्या अंगावर लिहिलं होतं, की आपण युरोपला दर आठवड्याला पस्तीस कोटी पौंड पाठवतो, ते दवाखान्यांना देऊ. हिशेब कच्चा होता. पण आमच्या एसटीवरसुद्धा गावाची पाटी वाचूनच लोक चढतात, गाडी तिथं पोचेलच याची खात्री करून कोण चढतो?

आबांनी यादी शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं, "आणि मतं कुणी दिली होती?"

"लोकांनी. एक कोटी चौऱ्याहत्तर लाख दहा हजार सातशे बेचाळीस."

"त्यांच्यावर काहीच नाही?"

आबांचा तो प्रश्न मला अजून पुरा सुटलेला नाही. पुढे ३१ जानेवारी २०२०ला ती मंडळी एकदाची बाहेर पडली आणि भांडणाचं कलम बदललं. नको म्हणणारे म्हणतात, बघा, सांगितलं होतं. निघू म्हणणारे म्हणतात, निघणं बरोबरच होतं, निघायची पद्धत चुकली. दोघांनाही दोषी हवाच आहे, आणि दोघांच्याही यादीत मतदार नाही. लोकशाहीत मतदार राजा असतो ना! राजाचं कधी चुकत नाही. चुकतात ते दिवाणजी. (इंग्रजांच्या बाबतीत आमचं शिरूर तसं उदार आहे. तिथं त्यांची छावणी होती. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेस नावाच्या साहेबाला लोक सत्पुरुष मानत आणि पीक घरात आलं की त्याच्या कबरीला नैवेद्य दाखवत, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. साहेब जिवंत असता आणि निवडणुकीला उभा असता, तर हा भाव टिकला असता की नाही, सांगवत नाही.)

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आबांचा प्रश्न त्यांच्याच दारात आला. विधानसभेची मोजणी २४ तारखेला झाली आणि दौंडला राहुल कुल रमेश थोरातांपेक्षा ७४६ मतांनी पुढे राहिले. दोघांनाही लाखाच्या वर मतं, आणि फरक साडेसातशेलासुद्धा चार कमी! त्यातली ३७४ माणसं जरी इकडची तिकडे झाली असती तरी निकाल उलटा लागता. आबांनी लगेच गार्डाचा हिशेब केला: स्लीपरचे पाच डबे आणि वर चौदा माणसं. त्यानंतर दौंडात मी जे ऐकलं ते तर्कशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. एकजण म्हणाला, अमक्या गावात सभा घेतली नाही म्हणून गेली. दुसरा म्हणाला, तिथं सभा घेतली म्हणूनच गेली. कुणी तिसऱ्या-चौथ्या उमेदवारांच्या मतांची बेरीज मांडली. कुणी मुंबईला कामाला असलेली गावची पोरं आणायला गाडी पाठवली नाही म्हणून हळहळला. एका काकूंना ऐन मतदानादिवशी माहेरी जायची काय गरज होती, यावर पाऊण तास गेला. जिंकलेल्यांचीही तीच तऱ्हा. फक्त तिकडे दोषाऐवजी श्रेय होतं. ती सीट आपल्यामुळेच निघाली, असं सांगणारी माणसं मी मोजायला घेतली होती आणि सातशे शेहेचाळीसच्या आधी थांबलो ते कंटाळून.

यात गंमत अशी की त्यातला प्रत्येकजण हिशेबाने बरोबर असू शकतो. इतक्या थोड्या मतांनी गेलेली जागा शंभर कारणांपैकी कुठल्याही एका कारणाने राहिली असती. म्हणजे शंभरांपैकी प्रत्येकावर पुरा दोष ठेवता येतो. जमिनीचं तसं नसतं. दोन एकर रान चार भावांत वाटलं तर वाट्याला वीस-वीस गुंठे येतात आणि सातबाऱ्याला चार नावं लागतात. दोष कितीही जणांत वाटला तरी प्रत्येकाला आख्खाच्या आख्खा मिळतो. पोटहिस्से पडत नाहीत. आणि ही एकच इस्टेट अशी, की तिच्या उताऱ्यावर आपलं नाव लागू नये म्हणून माणसं खेटे घालतात आणि दुसऱ्याचं लावायला स्वतःच्या पदरचे पैसे खर्च करतात.

शिरूरला २०२४ साली वेगळाच पेच पडला. आधीची गोष्ट अशी, की शिवाजीराव आढळराव तीन वेळा खासदार झाले आणि २०१९ला धनुष्यबाण घेऊन उभे राहिले, तेव्हा अमोल कोल्हे यांनी घड्याळ घेऊन त्यांना ५८,४८३ मतांनी हरवलं. मधल्या काळात घड्याळवाल्यांच्या पक्षाची वाटणी झाली. २०२४ला घड्याळ होतं आढळरावांच्या हाती आणि कोल्ह्यांकडे तुतारी वाजवणारा माणूस. कोल्हेच १,४०,९५१ मतांनी आले. पाच वर्षं ज्या घड्याळाला बोटं मोडली त्याचाच प्रचार करायचा म्हणजे जुन्या कार्यकर्त्याची काय अवस्था झाली असेल! स्टँडवरचे एक गृहस्थ मला म्हणाले, "आमचं आपलं एकच दुखणं. गेल्या खेपेला घड्याळानं पाडलं, या खेपेला घड्याळासकट पडलो. आता दोष द्यायचा तर कशाला द्यायचा?"

पण माझं लक्ष वेधलं ते पिपाणीनं. त्या निवडणुकीत काही मतदारसंघांत एकेका अपक्षाला इंग्रजी बँडातलं ते वाद्य चिन्ह म्हणून मिळालं होतं आणि यादीत त्याचं मराठी नाव दिलं होतं तुतारी. लोक त्याला पिपाणी म्हणतात. साताऱ्याला तुतारीवाला उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला आणि पिपाणीवाल्याला मतं पडली ३७,०६२. झालं! पिपाणी गुन्हेगार ठरली. शिरूरलाही पिपाणी होती, तिलाही हजारोंनी मतं पडली; पण तिथं तुतारीच दणक्यात आली, म्हणून पिपाणीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. वाद्य तेच, यादीही तीच, चष्मा घरी विसरून आलेली म्हातारीही तीच. साताऱ्याला तिनं घात केला आणि शिरूरला तिनं काहीच केलं नाही. मतदानादिवशी घोरत पडलेला माणूस २०१९ला दौंडचा असला तर महापापी आणि २०२४ला शिरूरचा असला तर नुसता आळशी. कृत्याचं पाप-पुण्य कृत्यावर ठरतं असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. इथं ते फरकाच्या आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा कृत्य करणाऱ्याच्या हातात नसतो.

आपण होऊन डोकं पुढे करणारा माणूस अशा वेळी लोकांना अडचणीत टाकतो. त्याच निवडणुकीत दौंड ज्या बारामती मतदारसंघात येतं तिथं नणंद-भावजयीची लढत झाली आणि नणंद दीड लाखाच्या वर मतांनी निवडून आली. पुढे ऑगस्टमध्ये अजित पवार यांनी, बहिणीविरुद्ध पत्नीला उभं करायला नको होतं, असं जाहीरपणे कबूल केलं. दौंडच्या फलाटावर दोन दिवस सुतकी कळा होती. दोषच जर मालकाने घरी नेला तर बाकीच्यांनी चर्चा कशावर करायची?

एवढ्यावर हा सगळा विषय चहाबरोबर संपला असता तर मी लिहायला बसलो नसतो. खापर नेत्याच्या डोक्यावर फुटलं तर फारसं बिघडत नाही. त्या डोक्यांना सवय असते, आणि फेटाही असतो. ते गावात उतरलं की पंचाईत होते.

भीमेकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही आणि तालुकाही सांगत नाही. नदीला दोन्ही काठ आहेत. आमच्या सौभाग्यवतींचं आजोळ. गाव एकमुखी, सगळं एका पुढाऱ्याच्या मागे. कुठल्याशा निवडणुकीत तो पुढारी पडला. मोजणीनंतर मतदान केंद्रवार आकडे आले. या गावच्या केंद्रावर विरोधी उमेदवाराला सात मतं होती. तालुक्याचा निकाल गेला होता हजारांनी, सात मतांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण हजारांच्या घरी जाऊन भांडता येत नाही. सातांच्या येतं. गावानं सात शोधायला घेतले आणि आठ दिवसांत त्यांना एकोणीस संशयित सापडले.

हे आकडे असे उघडे पडायला एक कारण आहे. पूर्वी कागदी मतपत्रिका असताना निरनिराळ्या पेट्यांतल्या पत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळण्याची सोय कायद्यानं केली होती, हेतू हाच की कुठल्या वस्तीनं कुणाला दिलं हे कळू नये. यंत्रं आली आणि प्रत्येक यंत्र आपलं आपलं बोलू लागलं. चौदा यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर नावाचं उपकरण वापरावं असं निवडणूक आयोगानं २००८ साली सुचवलं, २०१५ साली विधी आयोगानंही होकार दिला. पण केंद्र सरकारनं ते मानलं नाही. कुठं आपण कमी पडलो हे पक्षांना कळायला हवं, असं त्यावर म्हणणं होतं. ते कळतंच. कुठं पाणी सोडायचं नाही, हेही कळतं. इंग्रज लोक आपल्या मतपत्रिका अजून मिसळूनच मोजतात. तरी त्यांच्याही ब्रेक्झिटमध्ये जिब्राल्टरच्या टीचभर खडकावर राहू म्हणणारे १९,३२२ निघाले आणि निघू म्हणणारे ८२३. सगळे एकमेकांना ओळखणाऱ्या त्या गावात हे आठशे तेवीस कोण, यावर काय काय झालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आमच्या गावच्या एकोणीस संशयितांत पहिला नंबर गिरणीवाल्याचा लागला. पुरावा असा: निकालाच्या दिवशी त्यानं गिरणी बंद ठेवली नव्हती. आणि विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "मत गुपित असतं." आता ज्याला लपवायचं काही नाही तो असं कशाला म्हणेल? बस्स. लोकांनी दळण शेजारच्या गावी न्यायला सुरुवात केली. तीन किलोमीटर डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या बायकांना कुणी विचारलं नाही, की तुमचं मत कुठं होतं. गिरणीवाला रोज सकाळी पट्टा चढवून बसायचा आणि संध्याकाळी उतरवायचा.

त्यातच त्याची आई गेली. आमच्याकडे माणसाची किंमत दशक्रियेला कळते. घाटावर किती माणूस जमलं, किती गाड्या होत्या, श्रद्धांजलीला बोलायला कोण कोण उभं राहिलं, हे पुढे वर्षभर सांगितलं जातं. म्हातारी गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. मी गेलो होतो. घाटावर आम्ही मोजून बावीस जण होतो, त्यात निम्मे परगावचे पाहुणे. श्रद्धांजलीला कुणी उठलं नाही. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, की कावळाही त्यांच्याच पक्षाचा दिसतोय. त्याही परिस्थितीत दोघे हसले. गिरणीवाल्यानं ते ऐकलं. तो नदीकडे तोंड करून हात जोडून उभा राहिला आणि उभाच राहिला, शेवटी कावळ्यालाच दया आली.

त्याचं मत त्या सातांत होतं का? मला माहीत नाही. असतं तरी काय, हा माझा प्रश्न आहे. पण गावाला तो प्रश्नच वाटत नव्हता. त्यांचं म्हणणं, आम्हाला फक्त खरं काय ते कळू दे. मला वाटतं, त्यांना खरं नको होतं. पुढारी का पडला याचं खरं उत्तर, की त्यानं दहा वर्षांत काय केलं आणि काय केलं नाही, ते गावाला पाठ होतं, आणि त्या दहाही वर्षं गावच त्याच्या मागे होतं. त्या उताऱ्यावर सगळ्या गावाचं नाव लागलं असतं. त्यापेक्षा एक गिरणीवाला स्वस्त पडला.

पुढे दोन वर्षांनी दौंडच्या इंजिनाप्रमाणे व्हायचं तेच झालं. पुढारी दुसऱ्या टोकाला लागला, म्हणजे ज्या पक्षाला सात मतं पडली होती त्याच पक्षात गेला. गाव आपल्या जागेवर बसूनच उलट्या दिशेला धावू लागलं. नव्या साहेबांचा पहिला दौरा ठरला, तेव्हा गावात आपले जुने निष्ठावंत किती, अशी वरून विचारणा झाली. पारावर एकेकजण हळूच सांगू लागला, की त्या सातांत एक मी होतो. माझ्या मोजणीप्रमाणे ही संख्या एकेचाळीसवर गेली, आणि त्यात घाटावर हसलेले दोघेही होते.

सत्कारासाठी साहजिकच गिरणीवाल्याचं नाव सर्वांत वर आलं. दुसऱ्या कुणाकडे इतका भक्कम पुरावा नव्हता. त्याला तर सगळ्या गावानंच दोषी ठरवलं होतं. सरपंच स्वतः गिरणीवर गेले, बरोबर चार माणसं आणि एक ज्वारीची पाटी. नुसतं हात हलवत कसं जायचं! मी योगायोगानं तिथं होतो. सरपंच म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. आता तर सांग बाबा, तू त्या सातांतला ना?"

गिरणीवाल्यानं पाटी उचलून काट्यावर ठेवली.

"आत्ता बाजरी काढलीय," तो म्हणाला. "बाजरीवर टाकू का थांबता?"